‘काय विशेष?’ न विचारणारी जागा

गेल्या महिन्यात एका मित्राला मी माझ्या नेहमीच्या बारमध्ये घेऊन गेलो. आत आल्यावर त्याने एकदा सगळीकडे नजर फिरवली, खुर्ची ओढली, अर्धा ग्लास संपेपर्यंत कसाबसा धीर धरला आणि मग विचारले, “इथे आहे काय?” मी प्रामाणिकपणे सांगितले, “काही नाही.” त्याला ती थट्टा वाटली. पाऊण तासात कसलेसे काम आठवून त्याने काढता पाय घेतला. मी मात्र त्याच्या प्रश्नात अडकून तिथेच बसून राहिलो. आठवड्यातून एकदा रतीब घातल्यासारखा मी जिथे जातो तिथे खरोखरच काही नाही, आणि ते ‘काही नाही’ राखण्यासाठी कुणाला तरी रोज किती राबावे लागते, हे मला गेल्या दोनेक वर्षांत हळूहळू कळत गेले आहे.

रस्त्यावरून जाणाऱ्याला तो बार आहे हे दुसऱ्या नजरेत कळते. दारावर तळहाताएवढी पाटी आहे आणि खिडक्यांना जड पडदे आहेत. आत एका बाजूला लाकडी काउंटर, त्यापुढे सात उंच स्टुले, भिंतीलगत पाच टेबले आणि कोपऱ्यात वर टांगलेला एक टीव्ही, जो मी आजवर एकदाही चालू पाहिलेला नाही. तो बिघडला असावा असे मी बरेच दिवस धरून चाललो होतो. एकदा विचारले तेव्हा बारचे मालक, जे स्वतःच काउंटरमागे उभे असतात, म्हणाले, “चालतो की. पण लावला की सगळे तिकडेच बघत बसतात.” मग काढून का टाकत नाही, असे मी विचारले नाही. कदाचित ‘चालतो पण लावत नाही’ हेच त्यांना सांगायचे असावे.

वीस-पंचवीस माणसे पीत बसली आहेत अशा जागी शांतता आपोआप नांदत नाही. कचेरीतल्या मंडळींबरोबर मी काही वेळा एका मोठ्या, झगमगीत बारमध्ये गेलो आहे. तिथून बाहेर पडताना घसा बसलेला असे, आणि समोरचा जे बोलला त्यातले निम्मे मला कळलेले नसे. मान डोलावण्याचा व्यायाम मात्र भरपूर होई. असे का होते ते एतिएन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ साली लिहून ठेवले आहे. ते कान-नाक-घशाचे तज्ज्ञ होते. बोलत असलेल्या माणसाच्या कानात गोंगाट सोडला की त्याचा आवाज त्याच्या नकळत चढतो, आणि गोंगाट थांबवला की तितक्याच नकळत उतरतो, असे त्यांना आढळले. आता हेच भरलेल्या बारला लावून पाहावे. पहिल्या टेबलावरचे बोलणे हा दुसऱ्या टेबलासाठी गोंगाट असतो, म्हणून दुसरे टेबल आवाज चढवते, त्यावर पहिले आणखी चढवते, आणि या सगळ्यांच्या वर संगीत ऐकू यावे म्हणून कुणीतरी बटण फिरवते. तासाभरात सगळेच ओरडत असतात आणि सुरुवात कुणी केली ते कुणालाच सांगता येत नाही.

माझ्या बारमध्ये हे चक्र सुरूच होऊ दिले जात नाही. माझी किल्ली एकदा खाली पडली म्हणून मी टेबलाखाली वाकलो, तेव्हा प्रत्येक खुर्चीच्या पायाला जाड लोकरी कापडाचा गोल तुकडा चिकटवलेला दिसला. चार खुर्च्यांचे मिळून सोळा तुकडे, त्यातले दोन नवेकोरे, बाकीचे झिजून कागदासारखे झालेले. म्हणजे कुणीतरी ते नियमाने तपासून बदलत होते. मालकांना विचारले तर म्हणाले, “खुर्ची खर्रकन ओढली की त्या आवाजावर माणूस मोठ्याने बोलतो. मग तसाच बोलत राहतो.” लोंबार यांचे नाव त्यांनी ऐकलेले असेल असे मला वाटत नाही, पण त्यांचा सिद्धान्त त्यांनी सोळा तुकड्यांत बसवला होता.

काउंटरपाशी बसायला मला सुरुवातीला संकोच वाटत असे. तिथे बसणाऱ्याला बोलावे लागते, निदान ओळख तरी असावी लागते, असा माझा समज होता. आता मी तिथेच बसतो, आणि त्याचे एक कारण उंचीत आहे. बारचे काउंटर साधारणतः १०५ ते ११० सेंटिमीटर उंच असते आणि त्यापुढचे स्टूल ७५ सेंटिमीटरच्या आसपास. त्यामुळे बसलेल्या गिऱ्हाइकाचे डोळे आणि पलीकडे उभ्या असलेल्या माणसाचे डोळे जवळपास एका पातळीवर येतात. इतर बहुतेक ठिकाणी काम करणारा उभा असतो आणि आपण खालून वर पाहत काहीतरी मागत असतो, किंवा तो बसलेला असतो आणि आपण उभ्याने विनवत असतो. इथे दोघांनाही मान वाकवावी लागत नाही. इतक्या उंचावर पाय लोंबकळत राहिले तर कंबर धरते, म्हणून खाली पाय टेकायला पितळी दांडी आहे. ती दोन्ही टोकांना काळवंडली आहे आणि मधल्या पाच स्टुलांसमोर घासून घासून चकचकीत झाली आहे. कोणती जागा किती चालते याचा हिशेब त्या दांडीवर सरळ वाचता येतो. टोकाच्या दोन जागांवर फारसे कुणी बसत नाही, असे मी त्यावरून ठरवून टाकले होते आणि तिथेच फसलो.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेला मी भिंतीकडच्या टोकाच्या स्टुलावर जाऊन बसलो. थोड्या वेळाने सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ आले, माझ्यामागे क्षणभर थांबले आणि काही न बोलता तीन स्टुले सोडून बसले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच झाले. त्यांनी तक्रार केली नाही, मालकांनी मला सुचवले नाही, कुणी घसासुद्धा खाकरला नाही. चौथ्या खेपेला माझ्या लक्षात आले, की त्या जागेवर भिंतीवरच्या दिव्याचा उजेड नेमका काउंटरवर पडतो आणि ते गृहस्थ वर्तमानपत्रातले शब्दकोडे सोडवायला येतात. पाय ते दांडीवर टेकवत नाहीत, स्टुलाच्या आडव्या पट्टीवर ठेवतात. त्यामुळे त्यांच्या समोरची दांडी काळी ती काळीच राहिली आहे. मी शरमलो आणि उठून म्हणालो, “काका, बसा ना इथे.” ते म्हणाले, “अहो, बसा हो. मला तिकडूनही दिसतं.” दिसत नव्हते, तीन आठवडे त्यांनी कोडे डोळ्यांजवळ धरून सोडवले होते. तेव्हापासून मी त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसतो.

बाजारात जागा अडवली तर लोक भांडतात आणि रांगेत पुढे घुसले तर आरडाओरडा होतो. इथे चुकणाऱ्याला स्वतःची चूक सापडेपर्यंत वेळ दिला जातो. हे सौजन्य आहे की थोडासा छळ, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

मालकांच्या हातची बीअर ओतताना पाहणे हा मात्र निर्विवाद आनंद आहे. आधी ग्लास गार पाण्याने विसळायचा आणि पुसायचा नाही, नुसता निथळू द्यायचा. मग दिव्यासमोर धरून एकदा फिरवायचा. मग नळाखाली तिरपा धरायचा, पण नळाचे तोंड ग्लासला किंवा बीअरला लागू द्यायचे नाही. धार आतल्या कडेवरून घरंगळत जाते, ग्लास निम्म्याहून जास्त भरला की मनगट सावकाश सरळ होते, आणि शेवटची धार मधोमध पडून वर दोन बोटे जाडीचा फेस बसतो. पहिल्याच महिन्यात मी या फेसावरून कुरकुर केली होती. “वर नुसता फेसच आहे,” असे म्हणालो. आपल्याला कमी माल दिला जातो आहे, अशी मला खात्री होती. मालकांनी वाद घातला नाही. त्यांनी दुसरा लहान ग्लास घेतला, मुळीच फेस येऊ न देता त्यात थोडी बीअर ओतली आणि दोन्ही ग्लास माझ्यासमोर ठेवले. “दोन्हींचा आधी वास घ्या,” म्हणाले. बिनफेसाच्या ग्लासाला जवळपास वासच नव्हता. बुडबुडे वर येऊन फुटताना सुगंध बरोबर आणतात, आणि ओतताना जो वायू सुटत नाही तो पुढे पोटात सुटतो, हे मला त्या दिवशी नाकाने आणि रात्री पोटाने शिकवले.

या फेसाचे शास्त्रही गमतीचे आहे. माल्टमधली, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातली, प्रथिने आणि हॉप्स या वेलीच्या फुलांमधली कडू द्रव्ये मिळून बुडबुड्यांची भिंत घट्ट धरतात, म्हणून बीअरचा फेस टिकतो आणि सोडावॉटरचा टिकत नाही. स्निग्ध पदार्थ हा त्याचा वैरी. ओठांना लावलेले मलम, ग्लासावर राहिलेला तेलकट हात, एवढ्यानेही तो बसकण मारतो. ग्लासच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहिले असतील तर तो नीट धुतलेला नाही असे समजावे. मालक दिव्यासमोर ग्लास फिरवतात तो याच कुशंकेने. म्युनिक विद्यापीठातील आर्न्ट लाइके यांनी बीअरचा फेस ओसरण्याचा वेग मोजून तो घातांकी ऱ्हासाचा नियम पाळतो, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ ज्या रीतीने क्षीण होत जातो तीच रीत फेसाचीही असते, हे दाखवले आणि २००२ सालचे भौतिकशास्त्राचे इग-नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारे गमतीदार पारितोषिक मिळवले. हे मी एकदा काकांना सांगितले. त्यांनी ग्लासकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाले, “मग प्या लवकर.”

पिंपापासून नळापर्यंत जाणाऱ्या नळ्या मालक दर चौदा दिवसांनी धुतात. जाणकारही साधारण एवढेच अंतर ठेवायला सांगतात, कारण नळीत साचलेले जंतू बीअरला आंबूस किंवा लोण्यासारखा वास आणतात. हे काम गिऱ्हाईक येण्याच्या आधी होते, त्याची पाटी लागत नाही आणि त्याचे कौतुक कुणी करत नाही. अशा कामांची यादी मोठी आहे, पण ती देत बसलो तर हा लेख दुकानाची वही होईल.

काका बीअर पीत नाहीत. त्यांची एक व्हिस्की असते आणि त्यात ते पाण्याचे मोजून चार थेंब टाकतात. पाणी ते लहानशा चमच्यात घेतात आणि चमचा काउंटरच्या कडेला आडवा ठेवतात. या थेंबांनी चव उघडते असे त्यांचे म्हणणे आहे. स्वीडनमधील लिनेयस विद्यापीठाच्या दोघा संशोधकांनी २०१७ साली संगणकावर रेणूंची मांडणी करून त्याला थोडा आधार दिला आहे. व्हिस्कीला धुरकट वास देणारे ग्वायकॉल नावाचे द्रव्य तीव्र मद्यात आत ढकलले जाते, आणि मद्याचे प्रमाण ४५ टक्क्यांपर्यंत खाली आले की ते पृष्ठभागाजवळ, म्हणजे नाकाच्या जवळ राहते. आता बाटलीतली बहुतेक व्हिस्की मुळातच ४० टक्क्यांच्या आसपास असते. तेव्हा काकांचे चार थेंब हा विज्ञानापेक्षा नेमाचा भाग असावा. हे मात्र मी त्यांना सांगितलेले नाही.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रे ओल्डेनबर्ग यांनी १९८९ साली अशा जागांना ‘तिसरी जागा’ म्हटले. घर ही पहिली, कामाचे ठिकाण ही दुसरी, आणि जिथे हुद्दा व नाते बाहेर ठेवून माणूस सहज जाऊन बसतो ती तिसरी. अशी जागा साधी असते, आत आलेल्यांना एका पातळीवर आणते, तिला तिची नेहमीची माणसे असतात, हे त्यांचे म्हणणे मला आमच्या बारमध्ये शब्दशः दिसते. कोण काय काम करते हे मला दोन वर्षांनंतरही निम्म्या लोकांच्या बाबतीत ठाऊक नाही. पण अशा जागेतला मुख्य व्यवहार म्हणजे गप्पा, असेही ते म्हणतात, आणि तिथे माझे त्यांच्याशी जुळत नाही. गप्पांसाठी माझ्याकडे फोन आहे, घरची माणसे आहेत, कचेरीतले सहकारी आहेत. दिवसभरात मला ‘काय विशेष?’ हा प्रश्न दहा वेळा तरी विचारला जातो, आणि त्याचे उत्तर देण्यापुरते विशेष माझ्याजवळ क्वचितच असते. माणसांत बसायचे आहे पण माणसांना उत्तरे द्यायची नाहीत, ही गरज भागवणारी जागा मला दुसरी सापडलेली नाही. वाचनालयात बोलायला बंदी असते, म्हणून तिथली शांतता नियमाची असते. इथे बोलायला पूर्ण मुभा आहे आणि तरी कुणी बोलत नाही, किंवा खालच्या पट्टीत बोलते.

बार कसा आहे ते ओळखण्याची माझी एक साधी कसोटी आहे. एकटी आलेली बाई तिथे पुस्तक उघडून तासभर बसू शकते का, हे पाहावे. आमच्याकडे दर बुधवारी एक बाई येतात, भिंतीकडच्या टेबलावर बसतात, एक ग्लास घेतात, तीस-चाळीस पाने वाचतात आणि जातात. त्यांच्याकडे कुणी दुसऱ्यांदा पाहत नाही. एकदा एका नवख्याने पाहिले, आणि मग उठून त्यांच्या टेबलाच्या दिशेने दोन पावले टाकली. मालक काउंटरमागून बाहेर आले, हातातला फडका त्या दोघांच्या मधल्या रिकाम्या टेबलावर फिरवू लागले आणि फिरवतच राहिले. टेबल स्वच्छच होते. नवखा स्वतःच्या जागी परतला.

नकार देण्याची त्यांची रीतही अशीच आहे. हे लिहिताना दारूचे गोडवे गायचे नाहीत एवढे मला ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितले आहे, की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही. ५ टक्के तीव्रतेच्या ३३० मिलिलिटर बीअरमध्ये सुमारे १३ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, आणि यकृत तासाला ढोबळमानाने ७ ते १० ग्रॅमच निकाली काढू शकते. कॉफी, गार पाण्याचा हबका किंवा मोकळी हवा यांपैकी कशानेही तो वेग वाढत नाही. म्हणून मी दोनवर थांबतो आणि चालत घरी जातो. पण सगळे थांबत नाहीत. एका रात्री एक तरुण चौथा ग्लास मागत होता. मालकांनी ‘नाही’ हा शब्द उच्चारला नाही. त्यांनी त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि विचारले, “घरी कसे जाणार?” तो म्हणाला, “गाडी आहे.” मालकांनी हात पुढे केला, तळवा वर. त्या हातात घाई नव्हती. बराच वेळ तो तसाच राहिला. तरुण आधी हसला, मग चिडला, मग त्याने इकडेतिकडे पाहिले, आणि कुणीच आपल्याकडे पाहत नाही हे दिसल्यावर किल्ली त्या तळव्यावर ठेवली. आम्ही सगळे पाहत होतो, अर्थात. न पाहिल्यासारखे करण्यात इतक्या दिवसांत आमचा हात बसला आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येऊन तो किल्ली घेऊन गेला, असे मला नंतर कळले.

असा बार चालवणे परवडत कसे असेल, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. एका व्हिस्कीवर दीड तास बसणारे काका, एका ग्लासात चाळीस पाने वाचणाऱ्या बाई, दोनवर उठणारा मी. आम्ही सगळे मिळून कुणाला श्रीमंत करणार नाही. भरभर पिऊन खुर्ची रिकामी करणाऱ्या माणसांवर धंदा चालतो आणि आम्ही खुर्ची अडवून बसतो. मालकांना विचारले असते तर त्यांनी उत्तर टाळले असते, म्हणून विचारले नाही. पूर्वी जागा भाड्याची होती, आता स्वतःची आहे, एवढे एकदा बोलण्यात आले होते. त्यातच बहुधा उत्तर असावे.

मागच्या गुरुवारचे सांगतो. त्या दिवशी दुपारी घरून एक फोन आला होता. तो कशाचा ते इथे लिहिणार नाही. संध्याकाळी मी कुणाशीही न बोलता बारमध्ये गेलो आणि माझ्या स्टुलावर बसलो. मालकांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि नेहमीप्रमाणे ग्लास विसळायला घेण्याऐवजी आधी साधे पाणी आणून ठेवले. बीअर मी मागितली तेव्हा ती आली, फेस दोन बोटे. काकांचे कोडे जवळपास पुरे होत आले होते. बराच वेळ ते एका जागी पेन्सिल टेकवून थांबले होते. मग त्यांनी वर्तमानपत्र माझ्या बाजूला इंचभर सरकवले, इतकेच, की मला हवे तर पाहता यावे आणि नको असेल तर ते आपोआप सरकले असे समजता यावे.

आडवा शब्द होता. चार अक्षरे, पहिले ‘अ’, शेवटचे ‘त’. सूचना लिहिली होती: ‘न मागता मिळालेले’.

मी ‘अचानक’ म्हणालो, मग ते ‘त’ने संपत नाही हे माझ्याच लक्षात आले. ‘अवचित’ बसत होता, पण अर्थ जुळेना, आणि काकांनी तो एकदा लिहून खोडलाही होता. कागदावर पेन्सिलीचे वळ दिसत होते. आम्ही दोघेही त्या चार चौकटींकडे पाहत राहिलो. दुपारपासून माझ्या डोक्यात जे चालले होते ते तेवढ्या वेळापुरते चालले नाही. पलीकडे मालक ग्लास निथळायला उलटे मांडत होते. त्यांनी काउंटरवर थोडे वाकून, अक्षरे उलटी दिसत असताना, कोडे वाचले.

“अयाचित,” ते म्हणाले.

काकांनी ते लिहून घेतले. त्या संध्याकाळी मालक माझ्या देखत एवढा एकच शब्द बोलले, आणि मग उरलेले ग्लास मांडायला पाठमोरे झाले.